रेल्वेची एनॅमल पाटी घेताय? आधी ती उलटी करा

समोरून सगळ्याच पाट्या छान दिसतात. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात थोडा गंज, मधेच एखादा टवका उडालेला, आणि वर अटालेवाल्याचं, म्हणजे भंगारवाल्याचं, ठरलेलं वाक्य : "साहब, अंग्रेजों के जमाने की है।" खरंखोटं ठरतं ते मात्र पाठीवर, कडेला आणि स्क्रूच्या भोकांत. म्हणून पाटी हातात आली की मजकूर वाचायच्या आधी ती उलटी करायची. इंदूर-महू-खंडवा पट्ट्यात छोटी लाईन (मीटरगेज) जाऊन मोठी लाईन (ब्रॉडगेज) येते आहे, तसा जुना रेल्वेमाल बाजारात आला आणि त्याच्या मागोमाग मुद्दाम जुना केलेला नवा मालही आला. इंदूरच्या लोखंडबाजारात, लोहामंडीत, किंवा जुन्या इंदूरच्या गोदामांत दोन्ही एकाच ढिगात पडलेले असू शकतात.

एनॅमल म्हणजे रंग नव्हे, काच. काचेची बारीक पूड पाण्यात कालवून पत्र्यावर चढवतात, वाळवतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवून पत्र्याशी एकजीव करतात. तळाच्या थरात कोबाल्टचं ऑक्साईड असतं. ते पोलादाला धरून ठेवतं आणि त्यानंच तो थर निळसर काळा दिसतो. त्यावर पांढरा, मग निळा, लाल किंवा काळा, आणि प्रत्येक रंगाची भाजणी वेगळी. पाठीलाही एक थर द्यावाच लागतो, नाहीतर काच एकाच बाजूनं ओढ घेते आणि पत्रा वाकतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या सगळ्या परीक्षा पाठ न करताही आठवतात.

पाठ, भोकं, टवके

पाठीवर काळपट किंवा राखाडी, थोडा खरखरीत काचेचा थर हवा. नुसता पत्रा, ऑइलपेंट किंवा चंदेरी स्प्रे दिसला तर बहुधा ती पाटी रंगवलेली आहे. सजावटीची म्हणून आवडली तर घ्या, पण भाव सजावटीचा द्या.

मग भोकं बघा. कारखान्यात भोकं भाजणीच्या आधी पाडतात, त्यामुळे काच भोकाच्या कडेवरून आत वळलेली दिसते. नंतर ड्रिलनं पाडलेल्या भोकाची कड कापल्यासारखी असते, आत उघडं लोखंड आणि भोवती बारीक बारीक कपचे उडालेले. असं एखादं भोक खऱ्या पाटीवरही सापडतं, कारण पाटी दुसऱ्या दारावर हलवताना कुणीतरी ते पाडलेलं असतं. पण सगळीच भोकं तशी असतील तर पाटी ठेवून द्या. वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेल्या पाटीच्या भोकांभोवती वॉशरचा गोल ठसा असतो आणि स्क्रू जास्त आवळल्यानं कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेलेल्या असतात. हा ठसा मुद्दाम उठवणं अवघड आहे, म्हणून आमचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर.

आता घड्याळजीचं दहापटीचं भिंग घ्या आणि एका टवक्याच्या काठावर धरा. खऱ्या पाटीत उतरती पायरी दिसते : वर दुधी पांढरी काच, तिच्या खाली केसाएवढी काळी-निळी रेघ, त्याखाली तपकिरी, खडबडीत झालेलं लोखंड. काठ शिंपल्यासारखा, वाटोळ्या लहरींचा, फुटलेल्या बाटलीच्या काठासारखाच, कारण दोन्हीकडे फुटलेली आहे काच. रंगवलेल्या पाटीत रंगाची सालपटं निघतात आणि ती काळी रेघ दिसत नाही. गंजाचा रंगही बघा. जुना गंज गडद, घट्ट, पत्र्यात खड्डे पाडून बसलेला असतो. मीठ किंवा ॲसिड लावून आठवड्यात आणलेला गंज नारिंगी असतो, बोटाला लागतो आणि टवक्याच्या बाहेर ओघळलेला असतो.

टवके कुठे आहेत हेही बोलकं असतं. भिंतीवरची पाटी फुटते ती स्क्रूपाशी, कोपऱ्यांत आणि पाणी साचतं त्या खालच्या कडेला. पोरांनी मारलेल्या दगडाची खूण गोल असते आणि तिच्याभोवती वर्तुळाकार चिरा असतात. मुद्दाम फोडलेल्या पाटीत टवके सगळीकडे सारख्या अंतरावर असतात आणि अक्षरांना मात्र शिस्तीत वाचवून उडालेले असतात.

नख अक्षराच्या काठावरून आडवं फिरवा. वेगळ्या भाजणीमुळे बारीक पायरी लागते. छापील स्टिकर किंवा डिजिटल छपाई असेल तर नख सरळ घसरतं आणि भिंगाखाली रंगाचे ठिपके दिसतात. एकाच पाटीवरची दोन सारखी अक्षरं शेजारी ठेवून बघा, दोन ‘र’ किंवा दोन ‘ई’. हातानं कापलेल्या स्टेन्सिलमध्ये ती तंतोतंत सारखी येत नाहीत. इंग्रजी अक्षरं कॉम्प्युटरवरच्या एरियलसारखी दिसली तर प्रश्नच मिटला, तो टाइप १९८२ चा आहे.

शंका उरली तर ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस कोपऱ्यात अर्धा मिनिट घासा. काचेला काही होत नाही, रंग कापसावर येतो. विकणारा नको म्हणाला तर त्यातच उत्तर आलं.

वजन हा दुय्यम पुरावा, पण हाताशी लटकवायचा काटा असेल तर लगेच मिळणारा. ३ फूट बाय १ फूट पाटी १६ गेजच्या म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर पत्र्याची असेल तर दोन्ही बाजूंच्या काचेसह ४ किलोच्या आसपास भरते. तीच २४ गेजच्या पत्र्यात दीड किलोच्या जरा वर. जुन्या विलायती पाट्या बहुधा जाड पत्र्याच्या. नंतरच्या देशी पाट्या पातळही असतात, त्यामुळे हलकी म्हणजे खोटी असं नाही. पण हलकी पाटी १९२० ची म्हणून विकत असतील तर काटा दाखवा.

रेल्वेवर काय एनॅमलचं होतं, काय नव्हतं

फलाटाच्या टोकाचे मोठे नावफलक आपल्याकडे बहुतेक सिमेंटचे किंवा रंगवलेले. रूळ ओलांडू नये वगैरे ताकिदीच्या जुन्या पाट्या पुष्कळदा ओतीव लोखंडाच्या, उठावाच्या अक्षरांच्या. एनॅमल सापडतं ते दारांवर आणि खिडक्यांवर : स्टेशन मास्टर, बुकिंग ऑफिस, वेटिंग रूम, पीने का पानी, फलाटाचे आकडे. खांबावर हात वर-खाली होणाऱ्या जुन्या सिग्नलचे लाल-पांढरे पट्टेही पुष्कळ ठिकाणी एनॅमलचेच. आगाऊ इशारा देणाऱ्या वॉर्नरचा पट्टा माशाच्या शेपटीसारखा कापलेला असतो. हे पट्टे लांब आणि जड असतात, घरात भिंत तेवढी आहे का ते आधी मोजा. चहा-साबणाच्या जाहिरातींच्या पाट्याही फलाटांवर लागायच्या. त्या कंपन्यांच्या असत, रेल्वेच्या नव्हेत. हा फरक पुढे कागदपत्रांत उपयोगी पडतो.

काळ ठरवताना

इथली सगळ्यात महागडी चूक म्हणजे ‘होळकर स्टेट रेल्वे’ लिहिलेली एनॅमल पाटी. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये १ कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले, खंडव्याहून लाईन सुरू झाली, १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल वाहतुकीला खुला झाला. हा सगळा अभिमानाचा इतिहास, आणि म्हणूनच ते नाव इंदुरात लगेच विकलं जातं. पण ते नाव फार टिकलंच नाही : १८८१-८२ मध्ये ही लाईन राजपुताना-माळवा रेल्वेत गेली आणि १८८५ पासून कारभार बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीकडे आला. एनॅमल पाट्यांचा विलायती धंदा खरा फोफावला तो याच सुमाराला आणि त्यानंतर. तेव्हा होळकर स्टेट रेल्वेची चकचकीत एनॅमल पाटी समोर आली तर ती खोटी आहे असं धरूनच तपासायला बसा.

बी.बी. अँड सी.आय. अशी आद्याक्षरं असलेली पाटी ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीची, कारण त्या दिवशी पश्चिम रेल्वे झाली. भाड्याचे किंवा हमालीचे दर आण्यांत असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधली, १ जून १९६४ पासून ‘नये’ गळलं. पार्सल ऑफिसच्या पाटीवर मण-शेर असेल तर साधारण १९६० च्या अलीकडे येऊ नका. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. खाली कारखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर पाटी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, मग वर काहीही लिहिलेलं असो.

कारखान्याचं नाव बहुधा खालच्या कडेला, तीन-चार मिलिमीटरच्या अक्षरांत असतं. विलायती पाट्यांवर पेटंट एनॅमल, बर्मिंगहॅम किंवा क्रोमो, वुल्व्हरहॅम्प्टन, देशी पाट्यांवर कलकत्त्याच्या बाजूचे बेंगॉल एनॅमल किंवा सुर एनॅमल. नाव नसलं म्हणून पाटी बाद होत नाही, फ्रेमखाली दडलेलंही असतं. नाव असेल तर तेही नखानं बघा, कारण ते नंतर रंगानं घालणं सगळ्यात सोपं.

पांढऱ्या रंगाकडेही नजर असू द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर टायटॅनियमचं पांढरं आलं, ते लख्ख आणि किंचित निळसर. त्याआधीचं पांढरं दुधी, सायीसारखं. दोन पाट्या शेजारी धरल्याशिवाय हा फरक कळत नाही, म्हणून खात्रीची एक लहान पाटी नमुना म्हणून जवळ ठेवावी.

फाळणीआधीच्या ‘हिंदू पानी’, ‘मुसलमान पानी’ पाट्या खऱ्या होत्या, पण आज विकायला येणाऱ्यांत नव्या बनवलेल्या खूप. त्यांच्या बाबतीत वरची एकही परीक्षा सोडू नका.

कागद नसेल तर पाटी नको

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी वाचा. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ प्रमाणे चोरीचा किंवा बेकायदा मिळवलेला असल्याचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला, तर तो कायदेशीर मार्गानं आला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पाटी बंद पडलेल्या स्टेशनावर लोंबकळत होती, कुणी बघत नव्हतं, हे उत्तर होत नाही. पातालपानी, कालाकुंड, चोरलकडे फिरायला गेलात तर फोटो काढा, स्क्रूड्रायव्हर घरी ठेवा.

सरळ मार्ग लिलावाचा. रेल्वे आपलं भंगार आय.आर.ई.पी.एस. या संकेतस्थळावर ई-लिलावानं विकते. लॉट मोठे, मिश्र लोखंडाचे, त्यामुळे एका पाटीसाठी बोली लावणं परवडत नाही. लॉट उचललेल्या व्यापाऱ्याकडून घ्या आणि त्याच्याकडून तीन गोष्टी मागा : लिलावाच्या डिलिव्हरी ऑर्डरची झेरॉक्स, गेटपासची झेरॉक्स, आणि तुमच्या नावाचं बिल. बिलावर नुसतं ‘स्क्रॅप’ नको. ‘एनॅमल साइन, मजकूर अमुक, माप तमुक, वजन इतकं’ असं लिहून घ्या. निवृत्त रेल्वेवाल्या काकांच्या घरून पाटी येत असेल तर ती त्यांच्याकडे कशी आली ते त्यांच्याकडूनच सहीनिशी लिहून घ्या. काकूंना अवघडल्यासारखं होईल, पण नंतर पोलिसांपुढे अवघडण्यापेक्षा ते बरं.

पाटी १०० वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या भाच्यासाठी घेत असाल तर आधी हे वाचा.

भिंतीवरून उतरवणं आणि घरी आणणं

कायदेशीर विकत घेतलेली पाटी अजून भिंतीवर असेल तर पहारीनं उचकटू नका. पत्रा वाकतो, काच वाकत नाही. ती चटकन उडते, आणि कधीकधी दोन दिवसांनी उडते. स्क्रूवर गंज सोडवणारं तेल घालून २४ तास थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला. तरी फिरला नाही तर पाटी आणि भिंतीच्या मधून हॅकसॉचं नुसतं पातं घालून स्क्रू कापा. पात्याच्या पाटीकडच्या बाजूला जुन्या पुठ्ठ्याची पट्टी धरा. वाकलेला कोपरा ठोकून सरळ करायचा मोह आवरा, कारण ठोकल्यावर पत्रा सरळ होतो आणि काच खाली पडते.

गाडीत पाटी आडवी, एकावर एक ठेवू नका. दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर फोम, त्याबाहेर ६ मिलिमीटर प्लायवूड, सुतळीनं बांधून कडेवर उभी. स्कूटरवर पायांत धरून आणलेल्या पाटीचा खालचा कोपरा घरी पोचेपर्यंत उरत नाही.

धुणं, आणि न धुणं

आणल्याबरोबर काही करू नका. दोन-तीन दिवस सावलीत उभी ठेवा, टवक्यांच्या आतली ओल सुकू द्या. मग मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा. १ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा अर्धा चमचा. मलमलचा फडका त्यात भिजवून पिळायचा आणि एका वेळी वीतभर जागा पुसायची, लगेच दुसऱ्या ओल्या, मग कोरड्या फडक्यानं. पाटी पाण्यात बुडवायची नाही. टवक्याच्या काठानं पाणी काचेखाली शिरतं, आत गंज फुगतो आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारचा तुकडा उडतो. मे महिन्यात गच्चीवर तापलेल्या पाटीवर गार पाणी ओतू नका. काच आणि लोखंड सारख्या वेगानं आकसत नाहीत. बोअरच्या जड पाण्यानं पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरचा.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही नको. तांब्याचा तांब्या चिंचेनं उजळतो म्हणून पाटीही उजळेल असं वाटतं, पण आम्लानं काचेची चकाकी जाते आणि कॅडमियमचा लाल रंग आधी मरतो. गेलेली चकाकी परत आणता येत नाही. पाटीवर चुन्याचा हात बसला असेल तर तोही आम्लानं काढू नका. ओला फडका तासभर ठेवून मऊ करा आणि लाकडी पट्टीनं सोडवा, असं चार-पाच वेळा. ऑइलपेंट कापसावर थिनर किंवा ॲसिटोन घेऊन निघतो, डांबर टर्पेंटाइननं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं खरवडायचं नाही आणि पोरांना जवळ बसवायचं नाही.

गंजाचं काम फक्त टवक्याच्या आत. सुटा गंज टूथपिक आणि बारीक पितळी ब्रशनं काढा, काचेवर ब्रश लागू देऊ नका. मग १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ ग्रॅम टॅनिक ॲसिड विरघळवून शून्य नंबरच्या ब्रशनं उघड्या लोखंडावरच लावा. गंज काळानिळा होतो. बाहेर सांडलेलं लगेच पुसा, नाहीतर चिरांत डाग बसतो. एक दिवस वाळवून दुसरा हात. त्यावर १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये १० ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) विरघळवून दोन पातळ हात. हे पुढे ॲसिटोननं काढता येतं, म्हणून म्युझियमवालेही तेच वापरतात. सगळ्या पाटीवर वॉर्निश मारू नका, ते पिवळं पडतं. हवं तर बिनरंगी मायक्रोक्रिस्टलाइन मेण, अगदी पातळ.

टवके रंगानं भरावेत का? आमचं मत : नाही. भरलेली पाटी विकताना भरलेली आहे हे सांगावं लागतं, आणि न सांगता विकणाऱ्यांमुळेच पुढच्या माणसाला भिंग बाळगावं लागतं.

टांगताना

जुनीच भोकं वापरा, नवं पाडू नका. प्रत्येक स्क्रूला पाटीच्या पुढे आणि मागे नायलॉनचं किंवा चामड्याचं वॉशर. स्क्रू पितळी, पाटी हातानं किंचित हलेल इतकाच आवळायचा. मागे १० मिलिमीटरचे स्पेसर ठेवून हवा खेळू द्या. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत टाळा, आणि स्वयंपाकघरही टाळा : फोडणीच्या तेलकट वाफेवर धूळ चिकटली की ती पुसताना दर महिन्याला पाटी घासली जाते. पाच किलोच्या वरची पाटी साध्या प्लगवर सोडू नका. खाली आधाराला फेल्ट लावलेले दोन एल-ब्रॅकेट द्या, म्हणजे भार भोकांवर येणार नाही.

टांगण्याआधी पुढून, मागून आणि प्रत्येक टवक्याचा पट्टीसकट फोटो काढा. माप, जाडी, वजन, भोकांची संख्या, कुणाकडून, कधी, कितीला हे एका कार्डावर लिहून बिलाबरोबर ठेवा. दिवाळीच्या सफाईत पाटी उतरवून पाठ कोरड्या फडक्यानं पुसा, वॉशर चिंबले असतील तर बदला, आणि टवके फोटोशी ताडून बघा. एखादा वाढलेला दिसला तर मागच्या भिंतीत ओल आहे.